निकालपत्रात न लिहिलेली शिक्षा

पाणी, औषध किंवा झोपायची जागा यांवरून तुरुंगातल्या एखाद्या बंद्याने नागपूर खंडपीठात याचिका केली, की शहरातला वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू विचारते, तुरुंग म्हणजे काय सासुरवाडी आहे? गुन्हा करताना हे आठवले नाही का? दुसरी बाजू म्हणते, कैदीही शेवटी माणूसच, थोडी दया दाखवा. दोघे तावातावाने भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत असते. याचिका म्हणजे सवलतीची मागणी, हे दोघांनीही धरून चाललेले असते. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. न्यायाधीश शिक्षा सुनावतात तेव्हा निकालपत्रात अमुक वर्षे कारावास आणि अमुक दंड असे लिहितात. खरूज, तुंबलेला संडास, चुकलेली डायलिसिसची तारीख त्यात लिहिलेली नसते. जे लिहिलेले नाही ते भोगायला लावण्याचा अधिकार कुणाला आणि कोणत्या कलमाखाली मिळाला, एवढेच याचिका विचारते. हा शिक्षेचा हिशेब मागणे आहे. शिवाय तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी तिघांच्या बाबतीत ते निकालपत्र अजून लिहूनच झालेले नाही. २०२२ अखेर देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन. त्यांना ‘गुन्हा करताना आठवले नाही का’ असे विचारणाऱ्याने न्यायालयाचे काम परस्पर उरकून टाकलेले असते.

हा काही आजकालच्या मानवाधिकारवाल्यांचा शोध नव्हे. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांचे प्रकरण आले. भारत संरक्षण नियमांखाली ते मुंबईत स्थानबद्ध होते. तुरुंगात त्यांनी अणूच्या रचनेवर मराठीत एक विज्ञानपुस्तक लिहिले, तेही सरकारच्या परवानगीने, आणि छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्या असा अर्ज केला. सरकारने नकार दिला. कारण काय, तर स्थानबद्धांना द्यायच्या हक्कांच्या यादीत पुस्तक छापण्याचा हक्क नाही. आधी उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न नेमका उलटा केला. छापण्याचा हक्क काढून घेणारा नियम कुठे आहे, तो दाखवा. तसा नियम नव्हता. सरकार हरले. बंद्याला काय दिले आहे ते शोधत बसायचे नसते. कायद्याने त्याच्याकडून नेमके काय काढून घेतले ते पाहायचे, उरलेले त्याचेच असते. १९७४ साली भुवन मोहन पटनाईक प्रकरणात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी हेच तत्त्व मांडले, की केवळ दोषी ठरल्याने माणसाचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. १९७८ च्या सुनील बत्रा प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते एकांतकोठडीला आणि पायातल्या बेड्यांना लावून दाखवले. पुढे त्याच बत्राने तिहारमधून एका न्यायाधीशांना पत्र लिहिले. पैशासाठी वॉर्डरने दुसऱ्या एका बंद्याचा अमानुष छळ केल्याची ती तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. म्हणजे तत्त्वाचा निकाल लागून अर्धे शतक होत आले. वाद उरला आहे तो मापांचा, आणि मापांबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत ही मापे दिलेली आहेत. बराकीत झोपायला माणशी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ४० चौरस फूट. बराकीला लागून असलेले संडास दहा जणांमागे एक, दिवसा वापरायचे सहा जणांमागे एक. पाणी माणशी रोज १३५ लिटर. आता वर्धा रोडवरच्या आपल्या मध्यवर्ती कारागृहाचा हिशेब करू. मंजूर क्षमता १,८४० धरली तर रोज २,४८,४०० लिटर पाणी हवे. संख्या दीडपट झाली की तेच ३,७२,६०० लिटर होते, आणि दीडपट संख्या महाराष्ट्रातल्या मध्यवर्ती तुरुंगांत नवलाची राहिलेली नाही. टाकी, मोटर आणि पाइप मात्र तेवढेच राहतात. माणशी जागा ३.७१ वरून २.४७ चौरस मीटरवर येते, म्हणजे जेमतेम साडेसव्वीस चौरस फूट. त्यात अंथरूण, ताट-वाटी, कपड्यांची पिशवी आणि माणूस. साठ जणांच्या बराकीला नियमाप्रमाणे सहा संडास असले आणि तिथे नव्वद जण ठेवले, तर सकाळी प्रत्येकाला पाचच मिनिटे दिली तरी शेवटच्याची पाळी संपायला सव्वा तास लागतो. सहापैकी एक तुंबला की दीड तास. पाणी साडेसहाला गेले तर? मग जे होते ते कुठल्याही प्रतिज्ञापत्रात सापडत नाही, पण त्या बराकीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाला कळते.

खरुजेचेच घ्या. ऐकायला किरकोळ वाटते आणि चेष्टेचा विषयही होते. खरुजेचा किडा कातडीला कातडी लागून पसरतो, एकमेकांच्या पांघरुणातूनही पसरतो. त्यावरचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवावे लागते, आणि उपचार लागू पडायचा तर बराकीतल्या सगळ्यांना, खाज असो वा नसो, एकाच वेळी द्यावा लागतो. त्याच दिवशी कपडे आणि पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात घालावी लागतात. प्रत्यक्षात रांगेत येऊन तक्रार करणाऱ्यांना तेवढी ट्यूब मिळते. शेजारी झोपणारा तसाच राहतो, आणि पांघरूण धुवायला पाणी नसते. महिनाभरात खरूज परत येते, आणि औषध दिल्याची नोंद मात्र रजिस्टरात असते. न्यायालयात ‘उपचार देण्यात आले’ असे सांगितले जाते ते या नोंदीच्या जोरावर, आणि ते खोटेही नसते. त्यात नागपूरचा मे महिना. पारा ४५-४६ वर जातो तेव्हा शहर कूलरमधले पाणी संपले म्हणून मध्यरात्री उठते. बराक संध्याकाळच्या गिनतीनंतर बंद होते ती सकाळीच उघडते, आणि दिवसभर तापलेल्या भिंती नेमक्या त्याच वेळात आतल्या माणसांवर उष्णता सोडत राहतात.

विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा आहे. आपल्या मेडिकलमध्ये आणि मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेली गरीब माणसे जमिनीवर गादी टाकून उपचार घेतात. ज्यांनी कधी कुणाच्या काडीला हात लावला नाही त्यांना खाट मिळत नाही, आणि दरोडेखोराला न्यायालय खाट मिळवून देणार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मेडिकलच्या जमिनीवरचा माणूस कंटाळून मेयोत जाऊ शकतो, नातेवाइकाकडून पैसे घेऊन खाजगीत जाऊ शकतो, गावी परतू शकतो, निदान खिडकीजवळ सरकू शकतो. बंद्याच्या या सगळ्या वाटा सरकारने स्वतः कुलूप लावून बंद केल्या आहेत. किल्ली ज्याच्या कमरेला, जबाबदारी त्याची. म्हणूनच १८९४ च्या इंग्रजी कायद्यालाही, ज्याला दयेशी काही देणेघेणे नव्हते, दाखल होताच तपासणी, वैद्यकीय अधिकाऱ्याकडे तुरुंगाच्या आरोग्यव्यवस्थेचा ताबा, आणि सोयीने मावणार नाहीत इतके कैदी झाले तर तात्पुरत्या तुरुंगाची सोय करण्याचे सातवे कलम लिहावे लागले. गर्दी हे कारण होऊ शकत नाही, हे साम्राज्यालाही कबूल होते. पीडिताच्या कुटुंबाचा राग मात्र मी खोडून काढणार नाही. तो खरा आहे आणि त्याला सरकारकडून फार कमी उत्तर मिळते. पण आरोपीचे पाणी तोडल्याने त्या घराला काय मिळते, हे अजून कुणी दाखवून दिलेले नाही.

दुसरा आक्षेप असा, की ऊठसूट याचिका होतात, आणि वजनदार मंडळी आजारपणाच्या नावाखाली महिनोन्‌महिने इस्पितळाच्या वॉर्डात मुक्काम ठोकतात. दोन्ही खरे. पण ज्याला एका फोनवर वॉर्ड मिळतो तो याचिका कशाला करेल? लागू करता येईल असा नियम जिथे नसतो तिथेच वजन चालते. फालतू याचिका गाळण्याचा उपाय अमेरिकेने १९९६ साली करून पाहिला. बंद्याने आधी तुरुंगातल्या तक्रारीच्या सगळ्या पायऱ्या, त्यांच्या मुदतींसकट, पार केल्याशिवाय न्यायालयात यायचे नाही असा कायदा केला. कॅलिफोर्नियात पहिल्या पायरीची मुदत पंधरा कामकाजी दिवसांची होती. ती चुकली तर दाव्याची दारे बंद, असे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरवले. एकेकट्या तक्रारी गाळल्या गेल्या, पण तक्रारीचे मूळ तसेच राहिले. त्याच कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसे साठली. टाळता आला असता असा एक मृत्यू दर सहा-सात दिवसांनी होत होता, ही बाब न्यायालयीन नोंदीवर आली, आणि २०११ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाला कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम करावा लागला. पंधरा दिवसांच्या मुदतीने वाचवलेली कागदपत्रे शेवटी किती महाग पडली?

तिकडे बंदी अधिकाऱ्यांवर थेट नागरी हक्कांचा दावा लावतो. आपल्याकडे दिवाणी दावा करून नुकसानभरपाई मागण्याची वाट जवळपास नाहीच. सरकारवर दावा करायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस, मग कोर्ट फी, मग वर्षानुवर्षे पुरावा. शिवाय १९६४ च्या कस्तुरीलाल प्रकरणाचे भूत मानगुटीवर बसलेले. त्या प्रकरणात पोलिसांनी व्यापाऱ्याचे सोने जप्त केले, मालखान्याचा हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला, तरी सरकार सार्वभौम कामाच्या ढालीआड सुटले. म्हणून भरपाईसुद्धा रिट याचिकेतूनच, म्हणजे हक्कांसाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतूनच आली. बिहारचा रुदुल शाह १९६८ साली निर्दोष सुटला आणि १९८२ साली तुरुंगाबाहेर आला. मधल्या चौदा वर्षांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ३५,००० रुपये देवविले. रक्कम हास्यास्पद होती, पण दार उघडले. हे दार बंद करा म्हणणाऱ्यांनी दुसरे कुठले दार उघडे आहे ते सांगावे.

आता ही याचिका प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. बंदी हाताने अर्ज लिहितो. त्यासाठी कागद आणि पेन मिळावे लागते. अर्ज अधीक्षकांमार्फत, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच टेबलावरून, बाहेर पडतो आणि उच्च न्यायालयाच्या विधी सेवा उपसमितीकडे जातो. तिथून वकील नेमला जातो. गृहविभाग, पुण्याचे कारागृह मुख्यालय आणि अधीक्षक यांना नोटीस निघते. सरकारी वकील उत्तरासाठी वेळ मागतात. मग अधीक्षकांचे प्रतिज्ञापत्र येते, आणि त्यात सगळे ‘नियमावलीप्रमाणे’ असते. किती संडास आहेत ते लिहिलेले असते, त्या दिवशी किती चालू होते ते लिहिलेले नसते. बंद्याला मेडिकलला ‘रेफर’ केल्याच्या तारखा असतात. त्यांतल्या किती तारखांना पोलीस गार्ड मिळाला आणि तो खरोखर पोहोचला, हे विचारल्याशिवाय कळत नाही. गार्ड मिळत नाही कारण तो तुरुंगाचा नसतो. तो पोलीस मुख्यालयाकडून यावा लागतो, आणि बंदोबस्त, सण, हिवाळी अधिवेशन यांत तुरुंगाची मागणी रांगेत शेवटी जाते. ही एक गोष्ट न्यायालयाने विचारली तरी निम्मे प्रतिज्ञापत्र उघडे पडते. आणि मधेच बंद्याची ‘प्रशासकीय कारणास्तव’ अमरावतीला नाही तर अकोल्याला बदली होते. याचिकेत आता काही उरले नाही असे सांगितले जाते, ती निकाली निघते, आणि बराकीतले बाकीचे एकोणनव्वद जण होते तिथेच राहतात.

यावरचा उपाय नवा शोधायला नको. बत्राच्या दुसऱ्या निकालात, डिसेंबर १९७९ मध्ये, सांगून झाले आहे की तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या आदेशाखाली असाव्यात आणि वारंवार उघडल्या जाव्यात. एकांतकोठडी किंवा शिक्षेसारखी बदली सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय होऊ नये, आणि तातडीच असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवावे. पेटी कुठे टांगली आहे यावर सगळे अवलंबून असते. ती तुरुंगाधिकाऱ्याच्या दारासमोर असेल तर रिकामीच राहणार, आणि रिकामी पेटी म्हणजे तक्रार नाही असा अहवाल जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अभ्यागत मंडळ, भेटी, अहवाल हे सगळे कागदावर आहे, पण पाहुण्याच्या भेटीआधी फरशी धुतली जाते. जातीचेच उदाहरण घ्या. कुणाला झाडू द्यायचा आणि कुणाला स्वयंपाकघर, हे जातीवरून ठरवणारी कलमे निरनिराळ्या राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत स्वातंत्र्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षे तशीच छापली जात होती. किती मंत्री, किती अभ्यागत, किती समित्या त्या तुरुंगांतून फिरून गेल्या असतील? ती कलमे रद्द झाली ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर. त्याच निकालाने विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मजात सराईत समजण्याच्या सवयीलाही हात घातला. फासेपारध्यांच्या बाबतीत ही सवय विदर्भाला पुरेपूर ठाऊक आहे.

न्यायालयांनी तुरुंग चालवू नयेत, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त पटतो. ते त्यांचे काम नाही आणि त्यांना ते जमतही नाही. निवृत्त सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या २०१३ च्या पत्रावरून सुरू झालेले १,३८२ तुरुंगांचे प्रकरण पाहा. आदेश झाले, समित्या झाल्या, अहवाल झाले, आणि २०२२ अखेर देशातले तुरुंग १३१ टक्के भरलेले होते. पण गर्दी करतो कोण? अधीक्षक दारावर ‘जागा नाही’ अशी पाटी लावू शकत नाही. वॉरंट घेऊन आलेला प्रत्येक माणूस त्याला आत घ्यावाच लागतो. वॉरंटवर सही न्यायालयाची असते. म्हणजे गर्दीच्या याचिकेत न्यायालय पराया घरात नाक खुपसत नसते, आपल्याच आदेशांचा परिणाम तपासत असते. आणि उपायही त्याच्याच हातात असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळानंतर, सोडायचे आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर सुटका नाही. अर्ज बंद्याने करायचा नाही. तसे लेखी कळवणे अधीक्षकाचे कर्तव्य आहे. हे अडते कुठे? दाखल तारखांची यादी जुळत नाही, दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रकरणाची माहिती येत नाही, मधल्या जामिनाचे दिवस चुकीचे वजा होतात. आणि जामीन मंजूर होऊनही जामीनदार व ऐपतीचा दाखला नसल्याने आतच राहिलेले वेगळेच. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट सैल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे. नवी बराक बांधायला वर्षे जातात. ही यादी एका आठवड्यात होते.

‘सराईत गुन्हेगारांचे लाड’ म्हणणाऱ्यांना थोडा इतिहासही आठवावा लागेल. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या दिवसांचे अन्न, जागा, ढेकूण आपण शाळेत आदराने वाचले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात देशभरातले स्वयंसेवक नागपुरात येऊन इथलाच तुरुंग भरत होते. जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले. त्यांच्या आणि सोबत्यांच्या मागण्यांत अन्न, स्वच्छता, पुस्तके आणि वर्तमानपत्रे होती. ‘तुरुंग म्हणजे सासुरवाडी आहे का’ हे वाक्य तेव्हाही कुणीतरी इंग्रजीत म्हटलेच असेल. यावर उत्तर येते, की ते देशभक्त होते, हे खुनी आहेत. फरक जमीनअस्मानाचा आहे, मान्य. पण तुरुंगाच्या दप्तरात टिळकांपुढेही १८९७ साली राजद्रोह असेच लिहिले होते. सरकार ज्याला सर्वांत वाईट म्हणेल त्याला कमी पाणी, असा नियम केला की उद्या वाईट कोण हे सरकारच ठरवते.

आणि कधीकधी चुकीचे ठरवते. माओवादी संबंधांच्या आरोपाखाली खटला चाललेले दिल्लीतले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांचे नाव घेतले की चर्चा लगेच विचारसरणीवर जाते, म्हणून फक्त तारखा पाहू. नव्वद टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीवरचा हा माणूस मार्च २०१७ मध्ये दोषी ठरला आणि नागपूरच्या तुरुंगातल्या अंडा सेलमध्ये, म्हणजे अतिसुरक्षा कोठडीत राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने मुक्त केले, दुसऱ्याच दिवशी स्थगिती आली, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले. त्याच खटल्यातला गडचिरोलीचा एक आदिवासी सहआरोपी ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्या मुक्ततेच्या दोन महिने आधी, कैदेत असतानाच आजाराने मेला. त्या मृत्यूचे खापर मी कुणावर फोडत नाही. पण औषधाची, डॉक्टरची, गार्डची याचिका ऐकताना ‘आधी गुन्हा काय ते सांगा’ असे विचारणाऱ्याने या दोन महिन्यांचे काय करायचे ते सांगावे.

राहता राहिला खंडपीठाचा आदेश. ‘नियमानुसार योग्य ती काळजी घ्यावी’ या ओळीने आजवर एकही संडास दुरुस्त झालेला नाही. आदेशात आकडा हवा, तारीख हवी आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद हवे. अमुक बराकीत अमुक तारखेला किती बंदी होते, किती संडास चालू होते, टाकीत किती लिटर पाणी आले. मेडिकलच्या किती तारखांपैकी किती चुकल्या आणि गार्ड कुणी नाकारला. विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांनी न कळवता, सकाळी सहा ते आठच्या दरम्यान जाऊन हे मोजावे; दुपारी अकराला गेल्यास रांग दिसत नाही. अहवालाची एक प्रत बंद्याच्या वकिलाला थेट मिळावी. आणि याचिकाकर्त्याची बदली झाली किंवा तो सुटला तरी याचिका त्या बराकीच्या नावाने चालू राहील, ही ओळ आदेशात सगळ्यात वर असावी.